गवयाच्या शेजारी गावची मुले



गोमंतकातील एखाद्या गावात नामवंत गवयाचे गायन ठरले की त्या कार्यक्रमाचा बेत बहुधा एकाच साच्यातून निघतो. प्रारंभी शाळेतील मुलींचे ईशस्तवन व स्वागतगीत होते. मग प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळे आणि मान्यवरांची मनोगते यांत तास-दीड तास निघून जातो. गवई तंबोरा जुळवू लागतो तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुली घरी जेवून निजलेल्या असतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात मात्र स्थानिक बालकलाकारांच्या सहभागाचा उल्लेख हमखास येतो. आजचे विवेचन या 'सहभाग' शब्दाविषयीच आहे. मुले गवयाच्या आधी गातात की गवयासह गातात, हा भेद दिसावयास लहान आहे. परंतु गावात संगीत पुढे चालणार की नुसते ऐकले जाणार, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते.

गवयासह गाणे ही कल्पना काही बाहेरून आणावयाची नाही. वास्को येथील श्रीदामोदराचा भजनी सप्ताह सर्वांच्या परिचयाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या भागात प्लेगची साथ आली असता लोकांनी जांबावलीच्या श्रीदामोदराचा नारळ आणून पूजिला व अखंड भजनाचा परिपाठ घातला, असे परंपरा सांगते. नाव सप्ताहाचे असले तरी श्रावण शुद्ध षष्ठीस सुरू होणारे हे अखंड भजन चोवीस तासांचे असते. निरनिराळ्या समाजांचे व व्यवसायांचे पार वाजतगाजत देवळाकडे येतात, आणि नगरात ठिकठिकाणी गायनाच्या बैठका रंगतात. या बैठकांसाठी मुंबईहून व अन्य ठिकाणांहून व्यावसायिक गायक येत आले आहेत. गायक पाहुणा असला तरी पेटीवर, तबल्यावर आणि झांजेवर गोमंतकातील माणसे बसलेली असत. अनोळखी गळ्याच्या मागोमाग पेटी नेणे, समोरच्याची लय एका आवर्तनात ओळखणे, तो चुकला तर गाजावाजा न करता सांभाळून घेणे, या गोष्टी पुस्तकात नाहीत व परीक्षेतही नाहीत. त्या बैठकीतच मिळतात. खेडोपाडीच्या सप्ताहांतही रात्रीचे प्रहर वाटून घेताना कोवळ्या मुलांच्या हाती झांज येते आणि काही वर्षांनी त्यांतलाच एखादा पेटीवर बसतो.

या भूमीने मोठे गाणारे दिले, हे वाक्य भाषणांतून फार ऐकू येते. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केसरबाई 1892 साली केरी येथे जन्मल्या, मोगूबाई 1904 साली कुर्डी येथे. पहिले संस्कार देवळातील कीर्तन-भजनांचे, पण अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली ती दोघींनाही गोव्याबाहेर. केसरबाईंना 1969 साली आणि मोगूबाईंना 1974 साली पद्मभूषण हा किताब मिळाला. ज्या कलावंत घराण्यांतून त्या आल्या, त्यांचे गाणे समाजाने आवडीने ऐकले आणि गाणारीला मात्र आपल्या पंक्तीत घेतले नाही. विद्या काही घरांपुरती राखलेली, आणि तिच्याच पायी ती घरे हिणवलेली, अशी ती स्थिती होती. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे अवशेष तेवढे वर दिसतात. आज कोणत्याही घरचे मूल गवयाशेजारी बसू शकते, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ही मोकळीक सहजासहजी मिळालेली नाही. ती मिळाल्यावर त्या जागी मूल बसविलेच नाही, तर मोकळीक असून नसल्यासारखीच.

सासष्टीत हेच काम निराळ्या पद्धतीने झाले. चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई आणि ती मुले प्रार्थनेच्या वेळी जाणत्यांबरोबर गात-वाजवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांचे वडील तेथील चर्चमध्ये संगीत शिकवीत, आणि त्यांच्याच हाताखाली अँथनी तयार झाले. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव मिळविल्यावर त्यांनी 1958 साली वाद्यवृंद उभारून आपल्या रचना सादर केल्या. त्यात गायला लता मंगेशकर व मन्ना डे होते. माजोर्डे आणि मंगेशी अशी एका व्यासपीठावर आली, ती एका चर्चमधील मुलांच्या वर्गाच्या पुण्याईने.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. पहिली अडचण येते ती पट्टीची, आणि आयोजकांच्या ती ध्यानातही नसते. पुरुष गवई पुष्कळदा काळी एकमध्ये गातो. दहा-बारा वर्षांच्या मुलांचा आवाज काळी चारच्या आसपास मोकळा सुटतो. गवयाच्या पट्टीत त्यांना गावयास लावले तर खालचे स्वर निघत नाहीत, वरचे ओरडून काढावे लागतात, आणि काही चूक नसता मुले खजील होतात. मग 'मुलांची तयारी नव्हती' असा शिक्का बसतो. यावर उपाय सोपा आहे. मुलांच्या पदांपुरती पट्टी मुलांची धरावी व गवयाने खालच्या सप्तकात साथ द्यावी. काळी चार हा काळी एकचा पंचमच असल्याने ती पट्टी त्याला परकी वाटत नाही. मात्र त्या पट्टीचा दुसरा तंबोरा व तबला आधी जुळवून ठेवावा लागतो, आणि ही गोष्ट ऐनवेळी सुचून उपयोग नाही.

राग भूप किंवा दुर्गा असावा. पाच स्वरांत मुलांना घर सापडते. विलंबित एकतालाच्या लांबलचक आवर्तनात मूल हरवते. म्हणून तीनतालातील मध्य लयीची बंदिश घ्यावी, विस्तार गवयाने करावा आणि समेकडे येणारा मुखडा मुलांनी उचलावा. त्यानंतर भजनी ठेक्यातला अभंग, त्याचे ध्रुवपद मुलांकडे. गावातला एखादा मोठा विद्यार्थी एका अभंगापुरता पेटीवर बसवावा. मूळ साथीदाराने उठून जाऊ नये, शेजारीच बसावे. मुलाचे बोट अडखळले तर गवई हाताने मात्रा दाखवतो आणि गाणे पुढे जाते. त्या क्षणी श्रोत्यांत हशा पिकता कामा नये, एवढी जबाबदारी ग्रामस्थांची.

शिक्षकांसाठी आणखी एक सूचना. ज्या शाळेत शास्त्रीय गायनाची सोय नाही, तेथे घुमट-आरतीचे पथक बहुधा असते. 2019 साली घुमट हे गोव्याचे राज्यवाद्य म्हणून घोषित झाले आहे, आणि घोरपडीच्या चामड्याऐवजी बकऱ्याचे कातडे वापरून ते आता तयार होते. घुमट, शामेळ आणि कांसाळे वाजविणारी मुले तबलजीसमोर बसवून प्रश्नोत्तराचे वादन करविता येते. बोल निराळे असले तरी मात्रा त्याच असतात. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत बाल गटातून गायलेल्या मुलांचाही विचार व्हावा. ती मुले तयार असतात. स्पर्धा संपली की वर्षभर त्यांना कोणी विचारीत नाही, हे मात्र खेदाने म्हणावे लागते.

अधिकाऱ्यांकडे येणाऱ्या अंदाजपत्रकांत मंडप, ध्वनिक्षेपक, मानधन, प्रवासखर्च आणि पुष्पगुच्छ या बाबी असतात. कलावंताने आदल्या दुपारी यावे, मुलांबरोबर दोन तास बसावे, यासाठी लागणारा एका दिवसाचा निवास व भोजन ही बाब क्वचित दिसते. पुष्पगुच्छांच्या रकमेत ती सहज बसेल.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, विशेष सवलतीचे दिवस सोडल्यास, उघड्या जागेवरील ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. सत्कारसमारंभात गेलेला प्रत्येक अर्धा तास अखेरीस मुलांच्याच वाट्यातून कापला जातो, कारण गवयाचा वाटा कापण्याचे धैर्य कोणाला होत नाही. म्हणून सायंकाळी सात वाजता पडदा उघडताना गवई आणि मुले एकत्र बसलेली असावीत. शाली मध्यंतरात दिल्या तरी चालतात.