नोंद झाली का? प्रत कुठं आहे?



बचत गटाच्या बैठकीत आपण पैशाच्या बाबतीत किती काटेकोर असतो! पासबुकात नोंद झाली का, हे बघितल्याशिवाय एकही बाई हप्ता सोडत नाही. पण तीच बाई पोलीस ठाण्यात गेली की तिचं तोंड बंद होतं. "जा, बघतो आम्ही," म्हणाले की ती निघून येते. "इथं कर सही," म्हणाले की अंगठा उठवते. आज मला एवढंच सांगायचं आहे की पासबुकाचा नियम ठाण्यातही लावा. नोंद झाली का? काय लिहिलं? माझी प्रत कुठं आहे?

1 जुलै 2024 पासून देशात फौजदारीचे नवे कायदे लागू झाले. पोलिसांनी कसं वागायचं, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं बघू.

पहिली गोष्ट तक्रारीची. ठाण्यात तीन प्रकारचे कागद होतात आणि आपली फसगत इथंच होते. एक नुसता अर्ज. दुसरी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात न्यायालयाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तिसरा एफआयआर, म्हणजे गुन्हा दाखल. बाई घरी येऊन सांगते, "केस केली." प्रत्यक्षात नुसता अर्ज देऊन आलेली असते. म्हणून ठाणे अंमलदाराला सरळ विचारा, "साहेब, हा अर्ज, एनसी की एफआयआर?" अर्ज असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. एफआयआर असेल तर तो तुम्हाला वाचून दाखवावा लागतो, मगच सही. त्याची प्रत फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे.

"हे आमच्या हद्दीत येत नाही," असं ऐकून पुष्कळ जणी परत येतात. समजा, सोनपेठची लेक लातूरला दिली. सासरी मारहाण झाली, ती माहेरी आली. तिनं लातूरलाच जावं असं नाही. गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यानं तो नोंदवून घ्यायचा आणि योग्य ठाण्याकडं पाठवायचा. याला झिरो एफआयआर म्हणतात. सासरच्या छळाची केस माहेरच्या गावीही चालू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलेलं आहे.

गुन्हा दखलपात्र असून घेतलाच नाही, तर तीच तक्रार लिहून पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. तिथंही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. ती नोंदवली नाही, तर त्या पोलिसाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

दुसरी गोष्ट बोलावण्याची. बांधावरचं भांडण झालं, तुम्ही बघितलं, आणि फोन आला, "संध्याकाळी ठाण्यात या." साक्षीदार म्हणून चौकशीसाठी बोलवायचं तर लेखी बोलावणं हवं. आणि बाईला त्यासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या राहत्या घरी येऊन विचारायचं. पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या वरचा माणूस, अपंग आणि गंभीर आजारी यांनाही हाच नियम. तुमची स्वतःची तयारी असेल तर जा, पण सोबत कुणाला तरी घेऊन जा. साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी लिहून घेतला, तर त्यावर सही घ्यायची नसते, हे कायद्यातच आहे. फिर्यादीवर सही असते, साक्षीदाराच्या जबाबावर नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच करायची नाही.

तिसरी गोष्ट अटकेची. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादाची वेळ आली, तर महिला अधिकाऱ्यानं लेखी कारण देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. बाईची झडती बाईनंच घ्यायची, तीही अब्रू सांभाळून.

हे नियम आपोआप आले नाहीत. 1982 मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा बायांना भेटल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रावरून न्यायालयानं 1983 मध्ये सांगितलं, की बायांची कोठडी वेगळी हवी, पहारा महिला पोलिसांचा हवा आणि चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी.

पण आपल्या घरातून बहुतेक वेळा उचलून नेतात ते नवऱ्याला किंवा मुलाला, आणि ठाण्याबाहेर बसते ती बाई. तिनं काय करायचं? अडवाअडवी करू नका, झटापट तर नकोच. शांतपणे विचारा, कशासाठी नेता, कोणत्या ठाण्यात नेता? अटक का केली आणि माणूस कुठं ठेवला, हे घरच्यांना कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा होतो. त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असते. वेळ बरोबर लिहिली का ते बघा, कारण तिथून चोवीस तास मोजायचे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावंच लागतं. अटकेनंतर डॉक्टरकडून तपासणी होते. जखम असेल तर ती नोंदवायला सांगा. न्यायाधीशांपुढं उभं केल्यावर मारहाण झाली असेल तर तिथंच सांगायला हवं, हे माणसाला आधीच सांगून ठेवा.

नोंदीला एवढं महत्त्व का, हे परभणीकरांना वेगळं सांगायला नको. 10 डिसेंबर 2024 ला आपल्या रेल्वे स्टेशनजवळ डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर पेटलं, धरपकड झाली. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी होते. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळं बसलेल्या धक्क्याची नोंद होती. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची, असा कायदा आहे, तशी ती झाली. सोमनाथची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. 4 जुलै 2025 ला न्यायालयानं गुन्हा नोंदवण्याचा हुकूम दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. 30 जुलैला तिथंही आईच्याच बाजूनं झालं. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. पण मुलगा गेल्यावर नुसता गुन्हा नोंदवायला एका आईला सात महिने लागले. एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढं ती उभी राहू शकली, कारण अहवालात, चौकशीत काही लिहिलेलं होतं. नुसतं तोंडी असतं तर?

आता तुम्ही म्हणाल, वकिलाला पैसे कुठून आणायचे? 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला वकील फुकट मिळतो. त्यात उत्पन्नाची अट नाही, पिवळं रेशन कार्ड लागत नाही. परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर 15100. आणि जीव धोक्यात असेल तेव्हा 112.

शेवटी गटासाठी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत दोन जणी ठरवा, एक वाचणारी आणि एक न घाबरणारी. गावातल्या कोणत्याही बाईला ठाण्यात जायची वेळ आली, तर या दोघी सोबत जातील. गटाच्या वहीत एक पान ठेवा. कधी गेलो, कोण भेटलं, वर्दीवर नाव काय होतं, काय म्हणाले, कोणता कागद मिळाला, हे त्यात लिहा. पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी असलीच पाहिजे, ती वाचायला लाजू नका. मदत करणारे पोलीसही आहेत, त्यांना अशा वहीचा त्रास होत नाही.

एकटीनं जायचं नाही. वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही. कागद घेतल्याशिवाय परतायचं नाही. तिन्ही गोष्टी आपण बँकेत रोज करतोच की, मैत्रिणींनो!