धर्मशिक्षणाचा तास



१९५० पासून अमलात असलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणाही मुलावर धर्मशिक्षण लादता येत नाही. म्हणून आपल्या शाळांतून कॅथलिक मुले धर्मशिक्षणास बसतात, इतर नीतिशिक्षणास. ही व्यवस्था आम्हांस न्याय्य वाटते.

परंतु दहावीचे वर्ष लागले, की हा तास गणितास द्यावा अशी विनंती घेऊन आमच्याकडे येतात ते परधर्मीय नव्हेत, आपलेच पालक! गणिताशी आमचे वैर नाही. पण याच वयात मुलगा विचारू लागतो, ‘देव न्यायी, तर निरपराध्यास दुःख का?’ पहिल्या कम्युनियनसाठी पाठ केलेली प्रश्नोत्तरे तेथे अपुरी पडतात. ईयोबाचा ग्रंथ उघडावा लागतो. ईयोबाच्या धर्मनिष्ठ मित्रांनी दिलेली उत्तरे देवाने का नाकारली, हे त्याच्याशेजारी बसून तपासावे लागते.

फादर स्टीफन्स यांचे १६१६ सालचे ‘ख्रिस्तपुराण’देखील धर्मशिक्षणाच्या वर्गात एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने केलेल्या मागणीतून जन्मले, असे त्यातच सांगितले आहे. शिष्याने मागितले, म्हणून गुरूस लिहावे लागले.

नागपुरात मागणारे आजही आहेत. जूनअखेर शाळा उघडतील, तेव्हा दहावीचा हा तास वेळापत्रकात राहावा, असे पत्र आम्ही मुख्याध्यापकांस लिहिले आहे. ते मंदिराच्या दाराशी ठेविले असून त्याखाली आपल्या सह्या हव्या आहेत.