उचलून पाहा, वाचून पाहा
(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. पस्तीस वर्षं पुण्यात सायकली दुरुस्त केल्या. हातात पान्हा असला की मला सुचतं. हातात कागद आला की घाम फुटतो. पण गुरुजी म्हणाले, "तुम्हाला जे येतं, तेच सांगा." म्हणून आज सायकलीबद्दलच बोलणार आहे. पण साध्या सायकलीबद्दल नव्हे. घडी होणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या सायकलीबद्दल.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या सायकलीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या गावातली किती मुलं आज पुण्याला, पिंपरीला कामाला आहेत, ते मोजा. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा जावई. ते शहरात सायकल घेतात, तेव्हा पैसे पुष्कळदा इथूनच जातात. कुणी म्हैस विकतो, कुणी कर्ज काढतो. मग ती वस्तू कशी पारखायची, हे इथंही कळायला हवं.

ही सायकल म्हणजे काय?

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी लुना पाहिली असेल. कायनेटिक कंपनीने ती १९७२ साली आणली. लुनेला पायडल होते आणि पेट्रोलचे इंजिनही होते. या सायकलीत पेट्रोलच्या जागी बॅटरी असते आणि इंजिनाच्या जागी लहानशी मोटर. ही मोटर बहुधा चाकाच्या मधोमध, हबमध्येच बसवलेली असते. आपण पायडल मारले की मोटर जोर देते. चढावर कुणीतरी मागून ढकलावं, तसं वाटतं.

सायकलीच्या मधल्या दांड्याला बिजागरी असते. ती उघडली की सायकल दुमडते. खोलीत कोपऱ्यात मावते.

कायदाही सांगतो. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, तर अशा सायकलीला लायसन्स लागत नाही, नंबरही लागत नाही. मात्र सरकारमान्य तपासणी संस्थेचा दाखला त्या सायकलीला असावा लागतो. पुण्यातली ए. आर. ए. आय. ही अशी एक संस्था आहे. दुकानात दाखला पाहायला मागावा. "जरा वेग वाढवून देतो," असं कुणी म्हणालं, तर नको म्हणावं. वेग वाढवला की कायद्याने ती सायकल उरत नाही.

पुतण्याची पहिली सायकल

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझा पुतण्या पिंपरीत राहतो. तिसऱ्या मजल्यावर खोली. कारखाना बिबवेवाडीत. २०२४ सालापासून पिंपरीहून थेट स्वारगेटपर्यंत मेट्रो जाते, त्यामुळे मधला प्रवास सोपा झाला. पण खोलीपासून मेट्रो दोन किलोमीटर, आणि स्वारगेटपासून कारखाना तीन किलोमीटर. तोही चढाचा. रोज रिक्षा परवडत नाही. म्हणून त्याने घडीची विजेची सायकल घ्यायचं ठरवलं. मला विचारलं नाही. तरुण रक्त! दुकानात गेला, सायकल चालवून पाहिली, खूश झाला. कर्ज काढून घेऊन आला.

सायकल पळायला उत्तम होती. पण वजन २५ किलो! रोज संध्याकाळी ती तीन मजले चढवायची. आठ दिवसांत कंबर धरली. मग तो सायकल जिन्याखालीच ठेवू लागला, आणि तिथंच वायर ओढून चार्ज करू लागला.

एकदा त्याचा चार्जर बिघडला. शेजाऱ्याकडे विजेची दुसरी गाडी होती. त्याचा चार्जर मागून आणला. पिन बसली. पुतण्या म्हणाला, "पिन बसली म्हणजे चालतंय." रात्री चार्जर लावून झोपला.

पहाटे तळमजल्यावरच्या एका म्हातारीला धुराचा वास आला. तिने आरडाओरडा केला. बॅटरी पेटली होती. सायकल जिन्याखाली, आणि बाहेर पडायला तो एकच जिना! वरच्या मजल्यांवर लहान लेकरं. लोक तोंडाला ओलं फडकं लावून, पोरं कडेवर घेऊन धुरातून खाली पळाले. देवाची कृपा, कुणी दगावलं नाही. अग्निशमन दलाची गाडी आली आणि आग विझली. सायकल जळली. कर्ज मात्र राहिलं.

मी नंतर तो चार्जर हातात घेऊन वाचला. पुतण्याची बॅटरी ३६ व्होल्टची. आणि चार्जर ४८ व्होल्टच्या बॅटरीचा! सोसत नाही एवढा दाब त्या बॅटरीवर रात्रभर पडत होता. चांगल्या बॅटरीत असा दाब अडवणारी यंत्रणा असते. ती इथं चालली नाही.

मंडळी, पुतण्या दहावी पास आहे. आकडे चार्जरवर छापलेले होते. त्याने ते वाचले नाहीत. वाचता येणं वेगळं आणि वाचणं वेगळं. म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगायला आलो आहे. उचलून पाहा आणि वाचून पाहा.

घेताना काय पाहावे?

पहिलं वजन. बाजारात अशा सायकली साधारण १४ किलोपासून २५ किलोपर्यंत मिळतात. त्याहून जडही असतात. आकड्याने अंदाज येत नाही. घरी तेलाचा १५ किलोचा डबा असतो ना? तो एका हाताने उचलून एक जिना चढा. मग कळेल. दुकानातही सायकल घडी करून उचला आणि वीस पावलं चाला. दुकानदार हसला तर हसू द्या. रोज जिना आपल्याला चढायचा आहे, त्याला नाही.

दुसरं, घडी. दुकानदाराने घडी करून दाखवली म्हणजे झालं नाही. आपल्या हाताने तीन वेळा घाला आणि उघडा. बिजागरीचा खटका घट्ट बसला पाहिजे. तो चुकून उघडू नये म्हणून त्याला आणखी एक अडकण असावी. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. बिजागरीत खडखड जाणवली, तर ती सायकल घेऊ नका.

तिसरं, चाक. घडीच्या सायकलीची चाकं लहान, १६ किंवा २० इंची असतात. लहान चाक खड्ड्यात लवकर आपटतं. रस्ता खराब असेल तर २० इंची बरं.

चौथं, ब्रेक. ब्रेक दाबताच मोटर बंद पडली पाहिजे. हे चालवून पाहावे.

पाचवं, बॅटरी. ती सायकलीतून काढता यावी. म्हणजे वेळ आली तर सायकल खाली कुलूप लावून ठेवता येते आणि नुसती बॅटरी वर नेता येते.

बॅटरीवर दोन आकडे असतात. एक व्होल्टचा, दुसरा अँपिअर-तासांचा. दोहोंचा गुणाकार करा. ३६ गुणिले ७ म्हणजे २५२. ही झाली बॅटरीत मावणारी वीज, २५२ वॅट-तास. घरच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. म्हणजे ही बॅटरी भरायला पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. युनिटला १० रुपये धरले, तरी एकदा भरायला सुमारे ३ रुपये. आपण पायडल मारत गेलो, तर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास लागतात. म्हणजे २५ किलोमीटर झाले. पायडल न मारता नुसत्या मोटरवर बसून गेलो, तर जेमतेम निम्मे. पुतण्याचं जाणं-येणं मिळून दिवसाला १० किलोमीटर. त्याला एवढी बॅटरी दोन दिवस पुरते. मग उगाच मोठी बॅटरी घेऊन वजन कशाला वाढवायचं? अंथरूण पाहून पाय पसरावे, ते असं.

बॅटरी कशी सांभाळावी?

सायकलीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. तो बिघडला, तर त्याच कंपनीचा, तेच आकडे असलेला आणावा. एक गोष्ट पाहून गोंधळू नका. ३६ व्होल्टच्या बॅटरीच्या चार्जरवर बहुधा ४२ आकडा असतो. ते बरोबर आहे. पण ४८ व्होल्टच्या बॅटरीच्या चार्जरवर ५४ च्या पुढचा आकडा असतो. तो या बॅटरीला कधीच लावू नये.

चार्जिंग आपण जागे असताना करावे. दारात, जिन्यात, अंथरुणाजवळ करू नये. भर उन्हात करू नये. सायकल चालवून आल्याबरोबर बॅटरी गरम असते. तिला अर्धा तास विसावा द्यावा, मग चार्जर लावावा. भरली की काढून टाकावा.

बॅटरी पार रिकामी होऊ देऊ नये. गावाला महिनाभर यायचे असेल, तर ती अर्धी भरून सावलीत, थंड जागी ठेवावी. बैलाला जसं उपाशी जुंपू नये आणि फुगेपर्यंत चारू नये, तसंच हे.

बॅटरी फुगली, चिरली, आपटली, तिला वेगळा वास आला किंवा नुसती ठेवलेली असताना गरम झाली, तर ती वापरू नये. उघडूही नये. विक्रेत्याला कळवावे. जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे.

आणि धूर निघालाच, तर शूरपणा नको. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

हे फक्त आपल्याकडेच घडतं, असं नाही. लंडन शहरात फेब्रुवारी २०२५ मध्ये एका स्टेशनावर विजेच्या सायकलीने पेट घेतला. मार्चच्या अखेरीपासून तिथल्या बहुतेक शहरी गाड्यांत विजेच्या सायकलींना बंदी झाली. घडीच्या सायकलींना मात्र सूट दिली. साध्या सायकलीला बाहेरून मोटर आणि बॅटरी जोडतात, त्याची तिथं जास्त भीती होती. घडीच्या सायकलीत अशी जोडाजोड फारशी होत नाही. आपणही अशी जोडाजोड टाळावी. आणि मेट्रोत सायकल न्यायची असेल, तर स्टेशनावर नियम आधी विचारून घ्यावा.

आठवड्याची दहा मिनिटे

बाकी सायकल ती सायकलच. रविवारी दहा मिनिटं तिला द्या.

टायरमधली हवा पाहा. किती भरायची, तो आकडा टायरच्या कडेवरच लिहिलेला असतो. हवा कमी असली की बॅटरी लवकर संपते आणि खड्ड्यात रिम वाकते. चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडा. जादा तेल पुसून घ्या, नाहीतर धूळ बसते. ब्रेकचं रबर किंवा पॅड झिजलं का, ते पाहा. बिजागरीतली धूळ पुसा आणि खटका ढिला झाला का, ते तपासा. सीटच्या दांड्यावर एक खूण असते. ती खूण नळीबाहेर दिसेल इतकी सीट वर ओढू नका. दांडा मोडतो.

धुताना पाण्याचा फवारा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा. पावसात चालली तर चालते, पण गुडघाभर पाण्यात घालू नका. भिजलेली बॅटरी कोरडी केल्याशिवाय चार्जर लावू नका.

दुसरी सायकल

कर्ज फिटल्यावर पुतण्याने पुन्हा सायकल घ्यायचं काढलं. या वेळी म्हणाला, "काका, तुम्ही चला." माझ्याबरोबर वहिनीही आल्या. आमच्या वहिनी याच वर्गात पन्नाशीनंतर अक्षरं शिकल्या.

मी सायकली उचलून पाहत होतो. एक १६ किलोची पसंत पडली. दुकानदार म्हणाला, "बॅटरीची दोन वर्षं हमी." बिल झालं. पुतण्या खिशात घालणार, तोच वहिनी म्हणाल्या, "थांब, मला बघू दे." बिल मराठीत होतं. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. दुकानदार चुळबुळ करू लागला. पुतण्या ओशाळला. "आई, चल ना," म्हणाला. वहिनी हलल्या नाहीत. मग मान वर करून म्हणाल्या, "भावजी, यात तर सायकलीची दोन वर्षं लिहिलीत. बॅटरीचं एकच वर्ष आहे."

दुकानदार म्हणाला, "बाई, तोंडी सांगितलंय ना?"

वहिनी म्हणाल्या, "तोंडी नको. कागदावर लिहा. बॅटरीचा नंबरही लिहा."

त्याने नवं बिल केलं.

आज ती सायकल रोज तीन मजले चढते. बॅटरी दिवसा, खिडकीजवळ, डोळ्यांसमोर चार्ज होते. आणि ते बिल वहिनींच्या पेटीत आहे.

मंडळी, सायकल उचलायला मी शिकवीन. वाचायला गुरुजी शिकवतील. पण शिकलेलं वापरायचं की नाही, ते आपलं आपण ठरवायचं. पुढच्या वेळी घरात कुठलीही वस्तू आली, की तिच्यावरचे आकडे पोरांकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा.

राम राम.