धम्मदीक्षेनंतरची आपली भाषा

(कोरीट, ता. नंदुरबार येथे वर्षावासात केलेले भाषण)

उपासक-उपासिका बंधुभगिनींनो, सप्रेम जयभीम.

आत्ता मी ‘जयभीम’ म्हटले आणि आपण सर्वांनी एका आवाजात ‘जयभीम’ म्हणूनच उत्तर दिलेत. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला हे साधे सुख आले नव्हते. गावचा वरिष्ठ वाटेत दिसला की दूर उभे राहून, वाकून ‘जोहार’ म्हणावयाचे. आणि त्या जोहाराला उलट जोहार कधी येत नसे. ‘जयभीम’ रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. ते १९३९ साली ऐन तारुण्यात वारले. परंतु आपल्याला त्यांनी असे अभिवादन देऊन ठेवले की ज्यात म्हणणारा व ऐकणारा एकाच पायरीवर उभे असतात.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. या जिल्ह्यातील आपले बहुसंख्य शेजारी आदिवासी आहेत आणि त्यांतील तरुण आज एकमेकांस अभिमानाने ‘जोहार’ म्हणतात. ते ऐकून आपल्यापैकी कोणी नाक मुरडू नये. शब्द तोच आहे. परंतु आपल्याकडून तो वाकवून घेतला गेला, ते तो बरोबरीच्या माणसास ताठ मानेने म्हणतात. शब्दाचा अर्धा अर्थ तेवढा कोशात असतो. उरलेला अर्धा, तो कोण, कोणास आणि कोठे उभा राहून म्हणतो यात असतो. ‘वतन’ हाच शब्द पाहा. देशमुख-पाटलांना तो प्रतिष्ठेचा. महारांना तो तुटपुंज्या मोबदल्यावर रात्रंदिवस राबविणारा. म्हणूनच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा व्हावयास पुढे १९५८ साल उजाडले.

दुसऱ्याने आपणांस कोणत्या नावाने हाक मारावी, हाही लहान प्रश्न नव्हे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांना कायद्याने ‘हरिजन’ म्हणावयाचे ठरू लागले, तेव्हा बाबासाहेब व त्यांच्या पक्षाचे सभासद निषेध करून सभागृहाबाहेर पडले. नाव गोड होते, परंतु ते ज्यांचे त्यांना विचारून ठेवलेले नव्हते. ‘नवबौद्ध’ या शब्दाविषयीही माझे मत फारसे चांगले नाही. शासकीय योजनांच्या मथळ्यांत तो अजून दिसतो. आपण काल दीक्षा घेतलीत, तेव्हा आपण नवे आहात हे खरेच. पण ज्यांच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतली, त्यांची नातवंडे किती पिढ्या ‘नव’ राहणार?

आता व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण सभेपूर्वी तीन-चार मातांनी हाच प्रश्न मला विचारला. मुलाला शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात काय सांगावे? ‘बौद्ध’ सांगितले तर सवलत जाईल, ही भीती एके काळी निराधार नव्हती. अनुसूचित जातींचा आदेश १९५० साली निघाला तो केवळ हिंदूंपुरता. १९५६ साली त्यात शीख आले आणि बौद्ध यावयास १९९० साल लागले. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती १९६० सालीच दिल्या होत्या. आज कायद्याने ती भीती उरलेली नाही. जातीचा मूळ पुरावा जपून ठेवावा आणि धर्म विचारला की स्वच्छ ‘बौद्ध’ सांगावे. दारी जनगणनेचा माणूस येईल, तेव्हाही हेच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. किती घरांत त्या दिवशी सवयीने जुनाच शब्द तोंडातून गेला असेल, याचा हिशेब कोणाजवळ नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसांना हे आज रात्रीच सांगून ठेवा, कारण दार बहुधा तीच उघडतात.

नवे शब्द घेतानाही डोळे उघडे हवेत. आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातील ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणे. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचा नियम. वरून आलेली आज्ञा नव्हे. ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतः होऊन स्वीकारतो. पाचव्या शीलात ‘पमाद’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ बेसावधपणा. दारू वाईट, एवढेच तेथे म्हटलेले नाही. जी माणसाला बेसावध करते तिच्यापासून मी दूर राहीन, असे म्हटले आहे. हा अर्थ ठाऊक नसलेला गृहस्थ सकाळी सुरात शील म्हणतो आणि सायंकाळी कोठे जातो, ते आपल्या घरातील स्त्रियांना मी सांगावयास नको. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण व कोश रचण्यास हात घातला होता. पाठांतर पुरेसे असते, तर इतके श्रम कशास घ्यावयाचे?

पाली येत नाही म्हणून कोणी लाजू नये. बुद्धवचन वैदिक छंदभाषेत घालू द्या, अशी विनंती दोन भिक्खूंनी केली तेव्हा भगवंतांनी ती नाकारली, असे चुल्लवग्गात आहे. अरणविभंग सुत्तात तर फारच घरगुती दाखला आहे. एकाच भांड्याला कोठे ‘पाति’ म्हणतात, कोठे ‘पत्त’, कोठे ‘सराव’. माझाच शब्द खरा असा हट्ट धरू नये. आपल्या भागात अहिराणी आहे, भिलोरी आहे, गुजरांची बोली आहे. आजीने नातवाला शीलाचा अर्थ अहिराणीत सांगितला, तर त्यात धम्माला काही उणे येत नाही. भांड्याच्या नावाविषयी हट्ट नको. माणसाच्या नावाविषयी मात्र जागरूकता हवी.

सुत्तनिपातात अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण भगवंतांना दुरूनच ‘वसल’, म्हणजे हीन माणूस, असे हिणवून तेथेच थांबावयास सांगतो. भगवंत रागावत नाहीत. वसल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे काय, असे ते विचारतात, आणि माणूस जन्माने नव्हे, कर्माने वसल होतो हे त्यालाच पटवितात. उद्या शाळेत आपल्या मुलाला कोणी जातीवरून शब्द टाकला, तर त्याने हाच प्रश्न विचारावा. आणि घरी येऊन तो आपणांस सांगावयास त्याला भीती वाटू नये.

आता उठून आपण सारे पंचशील घेऊ. मी प्रत्येक शील सावकाश म्हणेन आणि ‘वेरमणी’पाशी थांबेन. त्या वेळी ज्याला त्याला आपल्या बोलीत तिचा अर्थ मनात म्हणता येईल.