पुराव्याचा भार कोणावर? : बेने इस्रायल आणि ज्यू समाजातील समावेशाचा प्रश्न

ज्यू समाज एका धर्मग्रंथाने आणि एका स्मृतीने बांधलेला असला, तरी तो एकजिनसी कधीच नव्हता. पूर्व व मध्य युरोपातील अश्केनाझी, १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेल्यांचे वंशज असलेले सेफार्दी, इराक-येमेनकडील मिझराही, इथिओपियातील बेटा इस्रायल आणि कोकणातील बेने इस्रायल यांच्या भाषा, प्रार्थनेच्या चाली आणि विवाहाच्या रीती निरनिराळ्या आहेत. हे सारे एकत्र आले, तेव्हा आपले ज्यूपण सिद्ध करण्याचा भार त्यांच्यापैकी काहींवरच टाकला गेला, आणि समावेशाचा खरा प्रश्न तेथेच उभा राहतो.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी बेने इस्रायलांची परंपरागत श्रद्धा आहे. तेलाचा घाणा चालवणारा हा समाज शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, काम बंद ठेवी. म्हणून कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे धारण करणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्या या लोकांनी, हिब्रू भाषेचा बहुतेक विसर पडलेला असतानाही, सुंता, शब्बाथ आणि आहाराचे निर्बंध पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, ही निष्ठा कोणत्याही वंशावळीपेक्षा मोलाची मानली पाहिजे. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले.

तरीही पुढे मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंपैकी अनेकांनी त्यांच्याशी विवाहसंबंध टाळले, आणि १८३६ मध्ये काही प्रतिष्ठितांनी सामायिक दफनभूमीत विभाजक भिंत घालण्याची मागणी सरकारकडे केली. येथे प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे, की खुद्द बेने इस्रायलांतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता, आणि ज्यांची आई वा आजी अन्यधर्मीय मानली जाई, त्या काळ्या इस्रायलांशी गोरे रोटीबेटी व्यवहार करीत नसत. बहिष्काराचे दुःख सोसलेला समाज त्याच न्यायाने दुसऱ्याला दूर ठेवू शकतो, हे या इतिहासाचे सर्वांत अस्वस्थ करणारे अंग आहे.

१९४८ नंतर इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांपुढे हा प्रश्न अधिक कठोर रूपात आला. ज्यू धर्मशास्त्रानुसार घटस्फोटासाठी पतीने पत्नीला 'गेट' नावाचे विशिष्ट पत्र द्यावे लागते, आणि निपुत्रिक विधवेला दिराशी असलेल्या बंधनातून 'हलित्सा' या विधीने मुक्त करावे लागते. कोकणात हे विधी ज्ञात नव्हते, म्हणून या समाजातील काही विवाह व संतती अवैध असण्याची शंका काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घेतली. १९६२ मध्ये प्रमुख रब्बींच्या पीठाने विवाहनोंदणीपूर्वी बेने इस्रायल व्यक्तीच्या मातृवंशाची शक्य तितकी मागपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला. एखाद्या व्यक्तीविषयी शंका घेणे वेगळे आणि संपूर्ण समाजाला नाव घेऊन संशयित ठरवणे वेगळे. हा आदेश अन्यायकारक ठरला तो या दुसऱ्या कारणाने. त्याविरुद्ध निदर्शने झाली, उपोषणे झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याची भूमिका मान्य केली. त्यानंतर रब्बीपीठाने आदेशातील समाजाचे नाव काढून, ज्याच्या कौटुंबिक स्थितीविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, असा सर्वसाधारण उल्लेख घातला.

इथिओपियन ज्यूंच्या बाबतीत हाच प्रसंग पुन्हा घडला. १९७३ मध्ये प्रमुख सेफार्दी रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना ज्यू म्हणून मान्यता दिली असतानाही, १९८० च्या दशकात आलेल्यांकडून प्रतीकात्मक धर्मांतराच्या स्नानाची अपेक्षा केली गेली, आणि १९८५ मध्ये त्यांना जेरुसलेममध्ये दीर्घ धरणे धरावे लागले. मात्र २००८ मध्ये त्यांच्या 'सिग्द' या सणाला कायद्याने राष्ट्रीय सणाचे स्थान मिळाले, आणि हे पाऊल केवळ कागदी मान्यतेच्या पुढचे आहे, कारण त्यात त्या समाजाचे वेगळेपण सहन करण्याऐवजी आपले मानलेले आहे. असेच वेगळेपण जपणारा बेने इस्रायलांचा मलिदा, म्हणजे पोहे, गूळ-साखर, खोबरे आणि फळे मांडून प्रेषित एलियाहूच्या स्मरणार्थ केला जाणारा विधी, आजही विवाह व नवससायासांच्या प्रसंगी होतो. ज्यू शाळांच्या पाठ्यपुस्तकांत आणि रब्बींच्या शिक्षणक्रमात पोलंडमधील वस्त्यांच्या इतिहासाइतक्याच सहजतेने नवगाव आणि मलिदा यांना जागा मिळाली, तर नोंदणीच्या मेजापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला समोरच्या वधूवरांकडे पणजीचा पुरावा मागण्याची गरज वाटणार नाही.