गाडी कुणाच्या नावावर, पाना कुणाच्या हातात

(धुळ्यात कार्यकर्त्या महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला तुमच्याशी मोटरसायकलबद्दल बोलायचं आहे. तीही जुन्या, घरच्या घरी दुरुस्त करून चालवलेल्या मोटरसायकलबद्दल. शिबिराच्या पत्रिकेत हा विषय वाचून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. हसू द्या. बाईच्या मालमत्तेबद्दल आपण बोलतो तेव्हा शेत, घर आणि अंगावरचं सोनं एवढंच मोजतो. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. त्याची आठवण आपण अजून काढतो, आणि काढायलाच हवी. पण आज खानदेशात कितीतरी घरांच्या ओट्यापुढे मोटरसायकल उभी असते. ती कुणाच्या नावावर आहे, तिची किल्ली कुणाच्या खिशात असते आणि ती बिघडली तर हात कोण लावतं, हे प्रश्न आपण कधी विचारले का?

गाडी बनवणाऱ्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी आपला विचार केलेला आहे बरं का! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम पाहा. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं हवं, असं तो सांगतो. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचतात. पण आपली जागा कुठे धरली आहे ते यावरून कळतं. बाई मागे बसणार, एका बाजूला पाय सोडून.

आता माझं सांगते. पारोळ्याकडच्या एका खेड्यात माझं घर. नवरा २०१४ साली गेला. मी बचत गटांची सहयोगिनी, नऊ गावं माझ्याकडे. एसटीची एक फेरी सकाळी, एक संध्याकाळी, मधे काळी-पिवळी मिळाली तर मिळाली. दारात त्यांची २००८ सालची हिरो होंडा स्प्लेंडर उभी, नंबर एमएच १९ चा. दिवसकार्य झालं आणि दीर म्हणाले, "वहिनी, गाडी मी नेतो. बाईमाणसाला तिचं काय करायचं? उभ्या उभ्या गंजून जाईल." ते वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांना ते अगदी साधं वाटलं, आणि भाऊबंदांपैकी कुणालाही त्यात काही चूक दिसली नाही. शेताच्या वाटणीला चार माणसं बसतात, पण गाडी कुणी किल्ली उचलून नेली की गेलीच.

मी म्हटलं, गाडी इथेच राहील. मग कागद करायला गेले. एका खिडकीवर मला सांगण्यात आलं, "घरातला कुणी पुरुष पाठवा." म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट ऐका आणि लिहून घ्या. गाडीचा मालक वारला तर ज्याच्या ताब्यात गाडी आली त्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला मृत्यूची खबर द्यायची आणि गाडी आपण वापरणार असल्याचं कळवायचं. तसं कळवलं की तीन महिने गाडी वापरता येते. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा आणि फी. हा ५६ वा नियम. त्यात पुरुष पाठवा असं कुठेही लिहिलेलं नाही.

वारस कोण, हेही पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पुरुषाचे पहिले वारस म्हणजे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई. म्हणजे सासूबाईंचा वाटा आहे, तो नाकारू नका. माझ्या सासूबाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा दिला, म्हणून माझं काम झालं. पण बायको, मुलं, आई असताना भावाचा हक्क येत नाही. इतर धर्मांच्या बहिणींचे वाटे वेगळ्या कायद्याने ठरतात, त्यांनी वकील मैत्रिणीला विचारावं. २०२१ पासून आणखी एक सोय झाली आहे. आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. नवरा हयात असतानाच ते करून घ्या. त्यात अशुभ काही नाही.

कागद झाले, पण गाडी आठ महिने उभी होती. पारोळ्याच्या गॅरेजात न्यायची तर टेम्पोचं भाडं. शेवटी ज्या चाचांकडे ती नेहमी जायची त्यांनाच फोन केला. म्हटलं, "चाचा, तुम्ही सांगा, मी हाताने करते." ते पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "बेटी, कागद-पेन्सिल घे."

पहिलं काम पेट्रोलचं. महिनोन् महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकात बसतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तिथला गाळ सोडून दिला. हे काम उघड्यावर करायचं, चूल आणि बिडी लांब. मग प्लग. प्लगच्या पान्याने तो काढला तर टोक काळं कुट्ट. पॉलिश पेपरने घासला, फडक्याने पुसला. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन बरं. काळं आणि कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. हवेची चाळणी कापसाच्या तुसांनी आणि धुळीने भरलेली होती. आपल्याकडे जिनिंग आणि कच्चे रस्ते, त्यामुळे ती लवकर भरते. बॅटरी तर आपल्या उन्हाळ्यात हमखास कोरडी पडते. तिच्यातलं पाणी उडतं, ॲसिड राहतं. म्हणून वरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, बोअरचं क्षाराचं पाणी नाही आणि ॲसिडही नाही. बॅटरी मेलेली असली तरी ही गाडी किक मारून सुरू होते, हे मला चाचांनी सांगितलं. अकराव्या किकला सुरू झाली.

पुढे बाकीचं शिकले. इंजिन थोडं गरम असताना ऑइल काढायचं, खालचा बोल्ट बसवताना जोर करायचा नाही, नाहीतर आटे जातात. काढलेलं काळं ऑइल मातीत किंवा विहिरीकडे ओतायचं नाही, डबा भरून गॅरेजात द्यायचा. चेन बोटाने वर-खाली केली तर दोन-तीन सेंटीमीटर हलायला हवी. ब्रेकचा ड्रम उघडला तर धुळीवर फुंकर मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात घट्ट बसून चाक अडवते, ती रोज काढायची. आणि इंजिन उघडायचं काम, व्हीलचं बेअरिंग, ही कामं चाचांची. कुठे थांबायचं हे कळणं म्हणजेही कारागिरी.

पैसे वाचले, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट झाली. आता कुणी मला "मोठं काम आहे, ठेवून जा" म्हणालं, तर मी विचारते, कोणतं काम? जुना पार्ट दाखवा. उत्तर द्यावंच लागतं. गावात पहिल्यांदा विचारायचे, "हाई गाडी कोनी शे वं?" आता कुणी विचारत नाही. उलट आमच्या गटातल्या दोघी प्लग घेऊन येतात.

हे काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्याच काळात उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या गावच्या बायकांनी हातपंप दुरुस्त करायला घेतले. आपल्या आग्रा रोडवरच्या इंदूरला समान सोसायटीने बायकांना दुचाकी दुरुस्ती शिकवली, त्यांनी गॅरेजं चालवली. वापरणं एक आणि दुरुस्त करणं एक. दुरुस्ती आली की दुसऱ्यावरचं अवलंबणं सुटतं.

मग गाडी स्वतःच्या मापाची करणं. माझे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. शिवणाऱ्याकडून सीटचा फोम कमी करून घेतला. मागे पक्कं कॅरिअर बसवलं, त्यावर गटाच्या वह्यांची पेटी. दोन्ही आरसे लावले. साडीगार्ड ठेवलं, कारण मागे आता सासूबाई बसतात. पण मर्यादा लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ मापात, बनावटीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. इंजिन, सांगाडा, सायलेन्सर यांना हात लावायचा नाही. रंग बदलायचा तर कार्यालयात नोंद हवी.

ज्या बहिणी जुनी गाडी विकत घेतील त्यांनी इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा. गाडीवर फायनान्सचा बोजा नाही ना ते पाहावं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांत गाडी नावावर करावी. आपली गाडी विकतानाही हेच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकून टाकली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. घरात आपल्या नावावर गाडी आहे आणि ती कुठे फिरते ते आपल्याला माहीत नाही, असं असेल तर तो सन्मान नव्हे, धोका आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, माझ्या गाडीचं २०२३ मध्ये झालं. लायसन्स, विमा, हेल्मेट याला सूट नाही, आपल्यालाही नाही.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. गाडी आली आणि माझं काम वाढलं. खताची गोणी मी आणायची, सासूबाईंना दवाखान्यात मी न्यायचं, दिरांच्या मुलीला कॉलेजला मी सोडायचं. पूर्वी जे पुरुष करत ते माझ्याकडे आलं, माझं घरातलं कुणी उचललं नाही. पेट्रोल कोण भरतं यावरून घरात वाद झाले. म्हणून चाक हातात आलं की सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. पण वाद घालण्याइतकी जागा मिळाली. पूर्वी बैठक साडेचारला उठायची, कारण एसटी चुकली तर रात्र कुठे काढायची? आता ज्या बाईला बोलायचं असतं तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मी थांबू शकते. मारहाणीच्या गोष्टी बायका शेवटीच सांगतात, सगळ्या गेल्यावर, हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, एकल महिलांची माहिती भरताना जमीन आणि घराबरोबर वाहनाचा रकाना घाला आणि मृत्यूनंतरचे ३० दिवस व तीन महिने ही मुदत प्रत्येक गटात सांगा. दोन, प्रत्येक गटाने पान्यांची एक पेटी घ्यावी : रिंग पाने, प्लग पाना, पक्कड, पेचकस, हवेचा पंप. ती गटाच्या वहीसारखीच फिरती राहावी. तीन, पुढच्या शिबिरात अर्धा दिवस दुरुस्तीला ठेवा. गाडी मी आणते. जुने कपडे घालून या, आणि ज्या हसल्या त्यांनी पहिल्यांदा प्लग काढायचा.