माहितीची कोठारे आणि ठाण्याची खाडी

मी बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड या गावचा एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अशा माणसाने मुंबईकडच्या खाडीविषयी आणि यंत्रविद्येच्या ताज्या करामतींविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु माझा मुलगा महापे येथे एका डेटा सेंटरमध्ये विजेच्या देखभालीवर नोकरीस आहे, आणि त्याच्या पगारावर आमच्या घराचा पुष्कळसा भार आहे. तेव्हा या धंद्याचा द्वेष करण्याचे मला काही कारण नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

आपण मोबाइलवरून धाडलेले छायाचित्र, बँकेचा जमाखर्च, आगगाडीचे आरक्षण, हे सारे कोठेतरी साठवावे लागते. ज्या जागी ते साठविले जाते, ते डेटा सेंटर; मी त्यास माहितीचे कोठार म्हणतो. भारतातील अशा कोठारांची जवळजवळ निम्मी शक्ती एकट्या मुंबईच्या परिसरात एकवटली आहे. समुद्राच्या तळातून येणाऱ्या तारा वर्सोव्यास किनाऱ्याला लागतात, हे त्याचे एक मोठे कारण. ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात या बिनखिडक्यांच्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आहेत.

आता थोडे गणित करू. मास्तराची खोड जात नाही. शंभर मेगावॉटचे एखादे मोठे कोठार पूर्ण भाराने अहोरात्र चालले, तर दिवसाकाठी 24 लाख युनिट वीज खर्ची पडते. महिन्याला शंभर युनिट जाळणारी सुमारे सात लाख कुटुंबे एवढ्यात भागतील. ही वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. ती सारी उष्णता पाण्याच्या वाफेने घालवावयाची म्हटली, तर एका युनिटामागे सुमारे दीड लिटर पाणी उडून जाते. म्हणजे रोजचे 36 लाख लिटर. आमच्याकडे उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे हे 360 टँकर झाले. सर्वच कोठारे पाण्याने थंड करीत नाहीत, हे खरे. जी हवेने थंड करतात त्यांस वीज अधिक लागते, इतकाच भेद.

गेल्या हिवाळ्यात मुलाने मला ऐरोलीहून होडीने खाडीत नेले. कांदळवनाच्या कडेस उथळ चिखलात हजारो रोहित पक्षी चोची उलट्या करून चरत होते. या खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरांचा भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, आणि 2022 साली त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. मागे वळून पाहिले तो टेकड्यांच्या बाजूस उंच इमारती आणि विजेचे मनोरे. ही कोठारे अभयारण्याच्या सीमेच्या आत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुलगाही तेच म्हणाला : “बाबा, हद्द तर पार पलीकडे आहे.”

त्याचे उत्तर मला पटले नाही, याचे कारण लोणार. आमच्या गावाहून बिबीमार्गे लोणार फार दूर नाही. सहलीच्या निमित्ताने मी तेथे कितीदा मुले घेऊन गेलो असेन, गणती नाही. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर. त्याच्या तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी. 1979 साली ते राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरले, 2000 साली अभयारण्य झाले, 2020 साली रामसर यादीत गेले. सन्मानात काही उणे नाही. परंतु विवराच्या काठावर वसलेल्या गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे आत उतरत राहिले, आणि वेडी बाभूळही उतारावर बोकाळली. कागदावर आखलेली रेघ पाण्यास वाचता येत नाही. खाडीचेही असेच आहे. तिचा चिखल जगतो तो भरती-ओहोटीच्या मोकळ्या येण्याजाण्यावर. भोवती भराव पडला, गढूळ वा गरम पाणी सोडले गेले, उच्चदाबाच्या तारांसाठी कांदळवन तोडले गेले, की हद्द जागच्या जागी राहते आणि पक्षी मात्र जातो. कोठार दुसरीकडे बांधता येते. चिखल बांधता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात ठरविला. हा निर्णय मोठाच. पण 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेकडे पाहा. वीस हजार चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामास मंजुरी लागते; मात्र इमारतींच्या वर्गास जनसुनावणीतून सूट आहे, आणि ही कोठारे इमारत म्हणूनच मंजुरीस जातात. गावाएवढे पाणी पिणारी, शहराएवढी वीज जाळणारी वस्तू, आणि कायद्याच्या लेखी ती नुसती इमारत! शेजारच्या रहिवाशास विचारण्याची गरज नाही. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील द डॅल्स या लहानशा शहराने तर गूगलच्या कोठाराचा पाणीवापर गुप्त राहावा म्हणून एका वृत्तपत्राविरुद्ध न्यायालय गाठले होते. आकडा अखेर 2022 मध्ये उघड झाला, तेव्हा शहराच्या एकूण पाण्यापैकी चतुर्थांशाहून अधिक पाणी तेथे जात असल्याचे कळले.

उपाय नाहीत असे नव्हे. नवी मुंबई महानगरपालिकेने ऐरोली व कोपरखैरणे येथे सांडपाणी पुन्हा शुद्ध करून कारखान्यांस देण्याची सोय उभारली आहे. कोठारांना तेच पाणी बंधनकारक करावे. जागा देण्यापूर्वी पाण्याचा, विजेचा आणि तारांच्या मार्गाचा हिशोब छापून लोकांपुढे ठेवावा, आणि सुनावणी घ्यावी. मुलास मी विचारले, तुमच्याकडे रोज पाणी किती लागते? तो म्हणाला, “विजेचा आकडा मला तोंडपाठ आहे, बाबा. पाण्याचा आम्हांलाही सांगत नाहीत.”

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. तो आमच्याच तालुक्यातून जातो. अशा रस्त्यांच्या कडेस उद्योग येतात. उद्या एखादे कोठार आमच्या शिवारात आले, तर मुलगा घरी परतेल, नात अंगणात खेळेल. म्हाताऱ्यास आणखी काय हवे? मी त्यास विरोध करणार नाही. फक्त ग्रामसभेत पहिल्याच दिवशी उठून विचारीन, रोज किती लिटर, आणि कोणत्या विहिरीतून?